घरात कसर झाली आहे, घरचे म्हणतात पुस्तकं रद्दीत द्या. कसर घालवायला काय करावं?

पुस्तकं रद्दीत देऊ नका. कसर, म्हणजे कागद-कापड खाणारे ते चंदेरी किडे, पुस्तकांमुळे होत नाही, ओलीमुळे होते. तुमच्या प्रश्नातलं "घरचे म्हणतात" वाचलं आणि लिहायला बसले, कारण हे वाक्य मी सासरी वर्षानुवर्षं ऐकलं आहे.

माझं माहेर आर्वीकडचं, सासर दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात. वडील मास्तर होते. त्यांनी आयुष्यभर जमवलेली पुस्तकं लग्नानंतर माझ्यासोबत पाठवली आणि मी ती मधल्या खोलीतल्या लाकडी आलमारीत लावली. एका उन्हाळ्यात आलमारीच्या मागून चंदेरी किडे सळसळायला लागले. भासरे, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, माझ्याशी थेट बोलत नाहीत, आमच्याकडे तशी रीत आहे. ते ह्यांना सांगायचे, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात: "तिले सांग, थे रद्दी बाहेर काढ मनावं. तिच्यातूनच किडे आले घरात."

मी काढली नाहीत. मग एक दिवस मी बाजाराला गेले असताना भासऱ्यांनी कपाशीचं उरलेलं औषध पंपात भरून आलमारी, भिंत, फटी सगळं फवारलं. ज्या खोलीत लेकरं झोपायची त्या खोलीत! डब्यावर लाल त्रिकोण होता, म्हणजे अतिजहाल विष. त्या रात्री लेकरांना घेऊन मी सपरीत, म्हणजे ओसरीत झोपले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गाद्या धुऊन काढल्या. आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ते तर उघड्या वावरात फवारत होते. तेच विष बंद खोलीत, अंथरुणाजवळ मारायचं? वावरातलं औषध घरात फवारू नका, कोणी कितीही मोठा माणूस सांगत असला तरी. एवढं करूनही कसर काही दिवसांनी परत दिसलीच. तिची अंडी फटीत खोल असतात, तिथवर फवारा पोचत नाही.

मी मात्र पाहत होते की किडे नेमके कुठून निघतात. आलमारीच्या ज्या बाजूला खिडकीतला कूलर होता, तिथून. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ च्या पुढं जातो, बाहेर सगळं करपतं आणि घरात आपण दिवसभर ओली हवा कोंडून ठेवतो. भिंतीला कूलरचं पाणी झिरपून पोपडे आले होते. कसरीला हेच हवं असतं: अंधार, उबारा आणि ७५ टक्क्यांच्या वर दमटपणा. खायला पिठूळ काहीही चालतं. पुस्तकाच्या बांधणीतली खळ, गोंद, कागद, खळ दिलेलं सुती लुगडं, सांडलेली कणीक. खायला नसलं तरी ती महिनोन्‌महिने तग धरते, म्हणून नुसती पुस्तकं हलवून ती मरत नाही.

पुढं पीककर्जाच्या कामासाठी भासऱ्यांनी आपली लोखंडी पेटी उघडली. त्याच भिंतीला टेकून, जमिनीवर ठेवलेली. आत डांबराच्या गोळ्या होत्या आणि कसरही होती. सासऱ्यांच्या वेळच्या खरेदीखताचा वरचा थर खरवडून कागद जाळीसारखा झाला होता, तळाला तिनं टाकलेली कात पडली होती. ती पेटी माझ्या लग्नाआधीपासून कोणी उघडली नव्हती. माझी पुस्तकं कुठली तिथं जायला! कोणी काही बोललं नाही, पण त्यानंतर कूलर दुसऱ्या खिडकीत गेला. खरेदीखत नोंदणीकृत होतं, त्यामुळे दुय्यम निबंधकाकडून नक्कल मिळाली.

तर तुम्हीही आधी ओल कुठून येते ते शोधा. कूलर, मोरीची भिंत, गळका नळ, छपराच्या कवेलूतून (कौलांतून) झिरपणारं पाणी. आलमारी भिंतीपासून वीतभर पुढं ओढा, पेट्या विटांवर ठेवा, फटी बुजवा. पुस्तकं एकेक झटकून कडक उन्हाळ्यात दोन-चार तास उन्हात उघडी ठेवा, दिवसभर नको, पानं पिवळी पडतात. पुठ्ठ्याची खोकी मात्र जाळून टाका, त्यांच्या घड्यांत ती लपते.

उरलेल्यांसाठी काचेची बरणी घ्या, बाहेरून कापडी चिकटपट्टी गुंडाळा, आत चमचाभर कणीक टाका आणि रात्री आलमारीखाली ठेवा. पट्टीवरून ती चढते, आत पडते आणि गुळगुळीत काचेवरून तिला वर येता येत नाही. कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर साखर-कणकेत मिसळून फटीत भरली तरी काम होतं. लेकरं आणि जनावरं असतील तिथं मात्र बोरिक नको, तेही पोटात गेलं तर विषच आहे. डांबराच्या गोळ्यांवर माझा विश्वास नाही, पेटीत काय झालं ते वर सांगितलंच. सुका कडुलिंब मी ठेवते, पण एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका.

आणि हो, कागदाखाली मातीचे बोगदे दिसत असतील तर ती कसर नाही, वाळवी आहे. तिचा बंदोबस्त जाणकाराकडूनच करून घ्यावा लागतो. जुन्या बाजारातून आणलेल्या पुस्तकांतून कसर येऊ शकते, हे खरं आहे. म्हणून आणलेलं पुस्तक आधी झटकून, ऊन दाखवून मगच आलमारीत लावा. पण कोरड्या घरात आलेली कसर टिकत नाही आणि ओल्या घरात एकही पुस्तक नसलं तरी ती होते. घरच्यांना हे पटत नसेल तर त्यांनाच त्यांची कागदांची पेटी उघडून पाहायला सांगा.