धाकटीचा गोवराचा डोस आणि थोरल्याचा ऑटिझम

सातारा जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आहे. त्यांचा मुलगा सहा वर्षांचा आहे. सव्वा वर्षाचा असताना तो ‘आई’, ‘पाणी’, ‘भूभू’ असे सात-आठ शब्द बोलत असे. सोळाव्या महिन्यात उपकेंद्रात डोस दिला, दोन दिवस ताप आला आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत ते शब्द गेले. साडेतीन वर्षांचा असताना ऑटिझमचे (स्वमग्नतेचे) निदान झाले. आता मुलगी नऊ महिन्यांची झाली असून आशाताई दोनदा बोलावून गेल्या आहेत. यजमान म्हणतात, “एकाचे झाले तेवढे पुरे.” सासूबाई म्हणतात, “तूच त्याला टोचून आणलेस.” पालकांच्या एका व्हॉट्सॲप गटातून ‘शरीरातील विष काढणाऱ्या’ औषधाचा अठरा हजार रुपयांचा कोर्सही सुचवला गेला आहे. “ताई, मी काय करू?” असे त्यांनी विचारले आहे.

प्रिय भगिनी,

मुलीला गोवर-रुबेलाचा डोस द्या, आणि शक्य असेल तर येत्या लसीकरणाच्या दिवशीच द्या. बाकी सगळे सावकाश बोलता येईल, पण नऊ महिन्यांच्या बाळाला आईकडून मिळालेले संरक्षण जवळजवळ संपलेले असते, म्हणून हे उत्तर आधी लिहिले.

मी हे एक आई म्हणूनही लिहीत आहे. माझा मुलगा आता सत्तावीस वर्षांचा आहे आणि तो ऑटिस्टिक आहे. त्याचे निदान झाले तेव्हा लंडनला राहणाऱ्या माझ्या दिरांनी काळजीपोटी एका वर्तमानपत्राचे कात्रण पाठवले होते. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीमुळे ऑटिझम होतो, असा संशय त्यात मांडला होता. तो मी सत्य मानला, आणि त्या भीतीने धाकट्या मुलीला गोवराची लस दिली नाही. ती चार वर्षांची असताना तिला गोवर निघाला, त्यातून न्यूमोनिया झाला आणि अकरा दिवस ती ऑक्सिजनवर होती. ती वाचली. पण त्या अकरा रात्री मी काय विचार केला असेल, हे तुमच्या यजमानांना माझ्या वतीने अवश्य सांगा.

त्या कात्रणामागची हकिकत पुढे हळूहळू कळत गेली. १९९८ च्या फेब्रुवारीत लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड या डॉक्टरांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला. तो अवघ्या १२ मुलांवर आधारलेला होता. लस बनवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध दावा लढवणाऱ्या वकिलांकडून वेकफील्ड यांनी पैसे घेतले होते आणि मुलांच्या मूळ नोंदी लेखातील वर्णनाशी जुळत नव्हत्या, हे ब्रायन डीअर या पत्रकाराने अनेक वर्षे चिकाटीने उघड केले. २०१० साली ‘लॅन्सेट’ने तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनमधील वैद्यकीय नोंदणीतून वेकफील्ड यांचे नाव काढून टाकण्यात आले. लेख मागे घेतला जातो, पण त्याने आयांच्या मनात पेरलेली शंका मागे घेता येत नाही, आणि तीच तुमच्या गटात आजही फिरते आहे.

यजमानांची शंका मात्र मला वेडगळ वाटत नाही. “सर्वसाधारण मुलांना लस चालत असेल, पण आमच्या घरातच काही वेगळे असेल तर?” असा तिचा गाभा आहे, आणि नेमका हाच प्रश्न संशोधकांनीही विचारला. डेन्मार्कमध्ये १९९९ ते २०१० या काळात जन्मलेल्या ६,५७,४६१ मुलांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. गोवर-गालगुंड-रुबेलाची ती एकत्रित लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमचे प्रमाण लसीमुळे वाढलेले आढळले नाही, आणि ज्यांचे मोठे भावंड ऑटिस्टिक आहे अशा मुलांतही ते वाढलेले आढळले नाही. त्याआधी २०१५ साली अमेरिकेत सुमारे ९५ हजार मुलांच्या अभ्यासात, मोठी भावंडे ऑटिस्टिक असलेल्या मुलांचा वेगळा विचार करूनही, हेच दिसले होते. तुमची मुलगी याच गटात मोडते.

लसीतील पाऱ्याबद्दलही तुम्ही विचारले आहे. थायोमर्सल नावाचा पारायुक्त पदार्थ काही लसी टिकाव्यात म्हणून अत्यल्प प्रमाणात घातला जातो. डीपीटीच्या (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लसीच्या) अनेक डोसांच्या कुपीत तो असतो. गोवर-रुबेलाची लस क्षीण केलेल्या पण जिवंत विषाणूची असल्यामुळे तिच्यात तो घालतच नाहीत. अमेरिकेत २००१ च्या सुमारास मुलांच्या नेहमीच्या लसींतून तो काढून टाकण्यात आला, तरी तेथे ऑटिझमच्या निदानांची संख्या कमी झाली नाही. लसीने ताप येतो, अंगावर बारीक पुरळ उठते, क्वचित तापात झटकाही येतो. हे खरे आहे आणि उपकेंद्रात ते स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

आता त्या सोळाव्या महिन्याबद्दल. तुम्ही जे पाहिले ते खोटे नाही. ताप आला होता, शब्द गेले होते. काही ऑटिस्टिक मुले साधारण सव्वा ते दोन वर्षांच्या दरम्यान आलेले शब्द गमावतात, आणि आपल्याकडे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांत देतात. दोन्ही गोष्टी एकाच उंबऱ्यावर येतात, आणि आईला टोचल्याचा दिवस आठवतो, कारण तो कार्डावर लिहिलेला असतो. शब्द कोणत्या दिवशी गेले याची तारीख कोणाकडेच नसते.

माझ्याकडे मुलाच्या पहिल्या वाढदिवसाची व्हिडिओ कॅसेट होती. अनेक वर्षांनी ती पाहिली. मी औक्षण करते आहे, सासरे त्याला नावाने चार वेळा हाक मारत आहेत, आणि तो एकदाही वर पाहत नाही; निरांजनाच्या ज्योतीकडेच एकटक पाहतो आहे. ही लस त्याला त्यानंतर तीन महिन्यांनी दिली होती. पहिल्या वाढदिवसाच्या अशा घरगुती चित्रफितींचा अभ्यास अमेरिकेत १९९४ सालीच झाला होता, आणि हाकेला न पाहणे, बोट दाखवून वस्तू न दाखवणे ही चिन्हे त्यांत दिसली होती. तुमच्याही फोनमध्ये मुलाची जुनी चित्रीकरणे असतील. मन घट्ट असेल त्या दिवशीच ती पाहा, आणि यजमानांना शेजारी बसवून पाहा.

सासूबाईंच्या वाक्याने तुम्हाला सर्वांत जास्त जखम केली आहे, असे पत्रातील अक्षरावरूनच कळते. ऑटिझमचे वर्णन लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांवरून केले, आणि पुढची दोन-तीन दशके डॉक्टरांनीच आयांच्या ‘थंडपणा’कडे बोट दाखवले. तो समज खोटा ठरला आणि मग लसीवर संशय आला. आधी दोष आईच्या मनाला दिला गेला, नंतर बाळाला उपकेंद्रात नेणाऱ्या तिच्या हाताला. ऑटिझम बहुतांशी आनुवंशिक असतो आणि त्याची सुरुवात जन्माआधीच होते. हे ऐकून “मग कोणाच्या घराण्यातून आले?” असा प्रश्न तुमच्या घरात निघेल, म्हणून आताच लिहून ठेवते: त्यात अनेक जनुकांचा वाटा असतो, काही बदल तर आईवडिलांत नसतात आणि बाळातच नव्याने होतात. माहेरच्या वा सासरच्या अंगणात तो टाकता येत नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या लहानपणी गल्लीत गोवर कसा यायचा आणि कोणाच्या घरातले मूल गेले, एवढेच विचारा. त्या पिढीतील बायका हे विसरलेल्या नसतात. आणि तो काळ पूर्णपणे सरलेलाही नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची साथ आली आणि त्यात लहान मुले दगावली.

अठरा हजारांचा कोर्स घेऊ नका. ‘जड धातू काढण्याच्या’ अशा उपचारांनी ऑटिझम जात नाही. २००५ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात तसले औषध शिरेतून दिले जात असताना पाच वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाचा मृत्यू झाला. तो पैसा स्पीच थेरपीसाठी आणि येण्याजाण्यासाठी राखून ठेवा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, त्यामुळे जिल्हा रुग्णालयात मुलाचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, काढता येते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा कवच मिळते आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. हे कागद तुम्ही अजून केलेले दिसत नाहीत.

मुलीबाबत एक गोष्ट लपवणे योग्य होणार नाही. ऑटिस्टिक मुलाच्या पाठच्या भावंडालाही ऑटिझम असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, साधारण पाचांत एक असते, आणि ती लस दिल्याने वा न दिल्याने बदलत नाही. म्हणून डोसाला जाण्याआधीच एक वही घाला. ती हाकेला वळते का, तुमच्याकडे पाहून हसते का, आवाज काढून उत्तर देते का, हे तारखेसह लिहा आणि फोनवर थोडे चित्रीकरण करून ठेवा. दर महिन्याला तसेच करा. पुढे काही वेगळे दिसलेच, तर लवकर मदत मिळेल आणि पुन्हा तुमच्या हाताकडे बोट दाखवण्याआधी घरातल्यांना वही पाहावी लागेल. दीड वर्षाची झाल्यावर जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तिची तपासणी जरूर करून घ्या.

आणखी एक विनंती. “लसीमुळे हा असा झाला” हे वाक्य मुलासमोर बोलू देऊ नका. तो बोलत नाही म्हणून ऐकत नाही असे नाही, आणि सहा वर्षांचे मूल स्वतःबद्दल रोज हेच ऐकत वाढावे, हे मला सहन होत नाही.

तुमच्या चार पानी पत्रात साडेतीन पाने लसीबद्दल आहेत. मुलाबद्दल एकच ओळ आहे: तो दळण आणायला गेल्यावर पिठाच्या गिरणीचा फिरणारा पट्टा तासभर पाहत राहतो. तेथे आता सासूबाईंनाही सोबत न्या, आणि पट्टा थांबल्यावर तो कोणाकडे वळून पाहतो, ते मला पुढच्या पत्रात कळवा.

तुमची,
ताई