स्कूटीचा रेनकोट कळसूबाईला चालेल का?

प्रश्न : जुलैत ऑफिसातल्या मैत्रिणींसोबत कळसूबाईला जायचं ठरलंय. माझ्याकडे स्कूटीवरचा पँट-शर्टवाला रेनकोट आहे. तोच नेऊ की पोंचो घेऊ? बर्डीतला दुकानदार विंडचीटर घ्या म्हणतो.
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, स्कूटीचा रेनकोट घरीच राहू द्या. मी पहिल्यांदा तोच घालून गेलो होतो. बारी गावातून निघून अर्धा तास झाला नसेल, बनियन पिळून पाणी निघालं असतं. सगळा घाम! वर वारा लागला तसे दात वाजायला लागले. गाडीवर आपण नुसते बसलेले असतो, म्हणून तो चालतो. १६४६ मीटरचा डोंगर चढताना अंगाला हवा लागावी लागते.

पोंचो म्हणजे डोक्यातून घालायचा सैल, झुलता रेनकोट. त्यात हवा खेळते, पण कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत. वाऱ्याने पोंचो तोंडावर आला की पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही. छत्रीचं नावच नको. आपल्याकडे पाऊस वरून पडतो, तिथे तो आडवा येतो.

विंडचीटर वारा अडवतो, धो-धो पाऊस नाही. म्हणून वॉटरप्रूफ जॅकेटच घ्या. घेताना ते उलटं करून शिवणी बघा. आतून टेप चिकटवलेली नसेल तर सुईच्या भोकांतून पाणी येणारच, लेबलवर काहीही लिहिलेलं असो. काखेत चेन असलेलं मिळालं तर उत्तम. घरी आणलं की खिशात कागदी नॅपकिन ठेवून दहा मिनिटं शॉवरखाली उभ्या राहा. घरचे हसतील, हसू द्या. घाम बाहेर सोडणारं महागडं कापड मात्र एका ट्रेकसाठी नको. घामाची वाफ बाहेर जायला बाहेरची हवा कोरडी लागते. जुलैत सह्याद्रीत ती कुठली?

तरीही थोडंफार भिजणारच. म्हणून खरी काळजी सॅकची घ्या. रेनकव्हर असलं तरी पाठीकडून पाणी शिरतं. आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी घाला, त्यात कपड्यांचा एक कोरडा जोड, तोंडाला पीळ देऊन गाठ. परतीला रात्रभर एसीच्या डब्यात बसायचं असेल तेव्हा तो जोड आठवेल.

आणि जीन्स घालू नका. ती नागपूर येईपर्यंत वाळत नाही.