मुलाला आयटीआयला घालू का?

प्रश्न: मुलगा यंदा दहावी झाला, 71 टक्के पडले. त्याला आयटीआयला फिटर करायचंय. पण आमच्या गल्लीतला एक पोरगा फिटर होऊन चाकणला गेला, कंपनीत विचारलं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणारं मशीन, येतं का, याला येत नव्हतं, आता ठेकेदाराकडं पॅकिंग करतोय. मग दोन वर्षं घालवून उपयोग काय? घरचे सगळे म्हणतात डिप्लोमाच बरा.
– एक आई, बार्शी

उत्तर: ताई, त्या पोराचं वाचून फार वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं. मी बरीच वर्षं आयटीआयमध्ये निदेशक, म्हणजे शिकवणारा मास्तर, होतो. आमच्याकडं सीएनसी मशीन आलं तेव्हा नारळ फोडला, पेढे वाटले आणि नंतर कितीतरी महिने ते कव्हर घालूनच उभं होतं, कारण इन्सर्ट आणायला पैसे नव्हते. इन्सर्ट म्हणजे नखाएवढा कार्बाइडचा तुकडा, धातू कापतो तो तोच, आणि शिकणारं पोरगं दोन-चार मोडणारच ना! पण मोडतील म्हणून पोरांना हात लावू द्यायचा नाही, प्रोग्राम वहीत लिहून घ्यायचा, असं चालायचं. आणि कंपनीत पहिल्याच आठवड्यात जॉब, म्हणजे मशीनवर बनवायचा भाग, हातात देतात, ड्रॉइंगवर व्यास 25 मिलिमीटर, कमीजास्त 0.02, मायक्रोमीटरवर भरतो 25.05, आता ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये मापाची दुरुस्ती, किती देणार सांग. वहीतल्या प्रोग्रामवर हे येत नाही हो, त्याला शंभर जॉब हाताखालून जावे लागतात.

म्हणून नुसती मशीनं दिली की झालं असं मला अजिबात वाटत नाही. केंद्राने 2025 मध्ये 1000 सरकारी आयटीआय सुधारायची 60,000 कोटींची योजना मंजूर केलीय, चांगलंच आहे, पण त्यातून कच्चा माल, इन्सर्ट, वेल्डिंग रॉड यांना दरवर्षी पैसे मिळाले पाहिजेत आणि निदेशकांना वर्षातून महिनाभर तरी कारखान्यात पाठवलं पाहिजे. मास्तरच पंधरा वर्षं शॉप फ्लोअरवर गेला नसेल तर तो पोरांना काय शिकवणार?

बाकी फिटर ट्रेड वाईट नाही. कानस घासणं जुनं झालं म्हणतात ते मला पटत नाही, कानशीवर सपाट पृष्ठभाग काढायला शिकलेल्या पोराला माप बोटांना कळतं, पुढं मेंटेनन्सला, असेंब्लीला तेच कामाला येतं. डिप्लोमा त्याला स्वतःला हवा असेल तर जरूर करू दे, घरचे म्हणतात म्हणून नको. आणि आयटीआय झाल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायची वाट आहेच.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. ड्युअल सिस्टीम ऑफ ट्रेनिंग म्हणून एक पद्धत आहे, त्यात कोर्समधलाच काही काळ पोरं कंपनीत शिकतात. जवळच्या कुठल्या आयटीआयमध्ये, कुठल्या ट्रेडला, कुठल्या कंपनीबरोबर ती चालू आहे ते विचारा, ती मिळत असेल तर फिटरचा हट्ट सोडून मशिनिस्ट किंवा टर्नर घेतला तरी चालेल. आणि पास झाल्यावर लगेच ठेकेदाराकडं पाठवू नका, आधी अप्रेंटिसशिप करू द्या. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना कायद्यानं अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच टक्क्यांपासून पंधरा टक्क्यांपर्यंत, नाव सरकारी पोर्टलवर नोंदवायचं. स्टायपेंड ठेकेदाराच्या पगारापेक्षा कमी वाटेल, ते वर्ष घरानं थोडी कळ काढायची. गल्लीतल्या त्या पोरालाही हे सांगा, त्याची वेळ अजून गेलेली नाही, त्याचं सर्टिफिकेट चालतं.

फॉर्म भरायच्या आधी मुलाला घेऊन वर्कशॉप बघून या, प्रॅक्टिकलच्या वेळेला जा. मशीनखालच्या ट्रेमध्ये ताजा बुरादा दिसतोय का बघा, आणि साहेबांना नको, दुसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा, या महिन्यात तू स्वतः किती जॉब काढलेस.