सुपरमार्केट असताना जपानी लोक शोतेनगाईत कशाला जातात?

तुमचा प्रश्न रास्त आहे. टोकियोत चकाचक दुकानं पावलोपावली असताना जुन्या बाजारगल्लीचं, म्हणजे शोतेनगाईचं, एवढं कौतुक कशाला? मी टोकियोतल्याच निशीकसाईत राहतो, तेव्हा जवळच्याच गल्लीबद्दल सांगतो.

मेट्रोने आराकावा नदी ओलांडली की पुढचंच स्टेशन मिनामी-सुनामाची. तिथून वीसेक मिनिटं चालत गेलं की सुनामाची गिन्झा लागते. लांबी जेमतेम 670 मीटर, दुकानं 180च्या आसपास. वर छप्पर नाही, आणि रस्ता असा अरुंद की सायकल हातात धरूनच चालावं. (खरी गिन्झा म्हणजे टोकियोतली श्रीमंतांची बाजारपेठ. 1923च्या भूकंपानंतर तिथल्या विटा आणून टोकियोतल्याच तोगोशी भागातल्या लोकांनी आपला चिखलाचा रस्ता बांधला आणि नावही उचललं. मग गल्लोगल्ली गिन्झा झाल्या.)

नवीन होतो तेव्हा सुपरमार्केटमध्ये महिनाभर तोंड न उघडता खरेदी करता यायची. इथे ते जमत नाही. लोणचंवाल्या आजी आधी चव देतात, मग शंभर ग्रॅम मागितलं तरी तोंड वाकडं न करता तोलतात, वर चिमूटभर जास्त घालतात. त्याला ‘ओमाके’ म्हणतात. आपल्या भाजीवालीच्या फुकट कोथिंबिरीचीच बहीण. ‘सामुई देसु ने’, थंडी आहे नाही, एवढं बोलायला मी त्यांच्याकडेच शिकलो. क्लासची फी वाया गेली म्हणा ना.

दर महिन्याच्या 10 तारखेला इथे ‘बाकाने-इची’ भरतो. बाका म्हणजे मूर्ख. मूर्खासारखे स्वस्त भाव! पण मला खरी मजा वाटते ती शोतेनगाईंच्या सोडतीची. खरेदीवर कुपनं मिळतात, ती देऊन लाकडी पिंप हाताने फिरवायचं. सोनेरी गोळी पडली तर घंटा वाजते, पांढरी पडली तर टिश्यूचं पाकीट. माझ्याकडे टिश्यूचा साठा भरपूर आहे.

सगळीकडे असं चित्र नाही. ओसाकाची तेन्जिनबाशीसुजी 2.6 किलोमीटर लांब आणि गजबजलेली, पण छोट्या शहरांत बंद शटरांच्या रांगा दिसतात. मोठ्या दुकानांना आवर घालणारा 1974 पासूनचा कायदा आधी सैल झाला, 2000मध्ये रद्द झाला. लोक गाड्या काढून शहराबाहेरच्या मॉलला जाऊ लागले, आणि दुकानदारांची मुलं गल्ल्यावर बसायला तयार नाहीत.

आलात तर दुपारी तीन-चारला या, रोख पैसे ठेवा आणि घेतलेलं दुकानापाशीच उभं राहून खा. शाकाहारी असाल तर कोरोक्के, म्हणजे बटाट्याचं कटलेट, जपून: आत बऱ्याचदा खिमा असतो आणि तळण अनेकदा डुकराच्या चरबीत. त्यापेक्षा ‘दाइगाकु-इमो’ घ्या, पाकातलं तळलेलं रताळं. आईला फोटो पाठवला तर तिचा पहिला प्रश्न, उपासाला चालतं का? पाकात कधीकधी सोया सॉस असतो, म्हणून मी अजून उत्तर दिलेलं नाही.