गांजा घरी कुंडीत लावून त्याचा वास आणि चव वाढवता येते का? (नाशिक)

भाऊ, तुम्ही विचारलंय की या झाडाला म्हणे लिंबाचा, पाइनचा, आंब्याचा असे वेगवेगळे वास येतात, नाशिकला गच्ची आहे, ऊन भरपूर आहे, तर कुंडीत लावून वास आणि चव अजून खुलवता येईल का. आधी कायद्याचं उरकून घेतो, ते थोडक्यात होतं, वासाबद्दल मात्र बोलण्यासारखं बरंच आहे.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा, १९८५ सालचा. त्यातल्या कलम २० प्रमाणे परवानगीशिवाय झाड लावणं हाच गुन्हा, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. आणि त्यात झाडं किती, एक की शंभर, असा हिशोब नाही. लोक म्हणतात की अरे पण भांग तर चालते, होळीला सगळे पितात. तर ते असं आहे की त्या कायद्यात 'गांजा' म्हणजे झाडाचे फुलाफळांचे शेंडे, नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांगेला वाट मिळाली. पण झाड लावायला ती वाट नाही, पानं हवीत म्हणून लावलं म्हणालात तरी लावलं ते लावलंच. उत्तराखंडात २०१८ पासून लायसन्सवर हेम्पची, म्हणजे याच झाडाच्या बिननशेच्या जातीची, शेती चालते, ती धाग्यासाठी आणि बियांसाठी, टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) ०.३ टक्क्याच्या आत ठेवून. तुमच्या गच्चीला ते लागू नाही. त्यामुळे ते झाड कसं वाढवायचं हे मी सांगणार नाही, आणि दुसऱ्या कोणी सांगितलं तरी नादाला लागू नका.

आता वास. तुम्हाला ज्या वासाचं कौतुक वाटतंय ना, तो त्या झाडाची मक्तेदारी अजिबात नाही. लिंबाचा वास म्हणजे लिमोनीन, जे लिंबा-संत्र्याच्या सालीत ठासून भरलेलं असतं. पाइनचा म्हणजे पायनीन, रोजमेरीत मिळेल. आंब्यासारखा, थोडा मातकट वास म्हणजे मायरसीन, ते कैरीत आणि बिअरच्या हॉप्समध्ये असतं. लव्हेंडरवाला गोड वास लिनालूलचा आणि आपल्या धन्यांच्या तेलात सगळ्यात मोठा वाटा लिनालूलचाच असतो. मिरीचा तिखट वास कॅरिओफायलीनचा, हे मिरीत, लवंगेत, तुळशीतही असतं आणि गंमत म्हणजे हे टर्पीन (अशा वासाच्या द्रव्यांना टर्पीन म्हणतात) आपल्या शरीरातल्या सीबी२ रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या कुलपासारख्या एका जागेला, जाऊन चिकटतं असं २००८ मध्ये दाखवलं गेलं, म्हणजे मसालेभात खाताना तुम्ही तेच करताय, नशा मात्र शून्य, कारण नशेचा रिसेप्टर वेगळा, सीबी१. आणि तो जो उग्र, नाक वाकडं करायला लावणारा वास असतो तो टर्पीनचा नाहीच, तो गंधकाच्या संयुगांचा, हे २०२१ मध्ये कळलं. हिरव्या बाटलीतली बिअर उन्हात राहिली की जो घाण वास मारते, तोच प्रकार. तो वगळला तर बाकी सगळे वास तुम्हाला कायद्याने, घरच्या घरी, खाण्याच्या झाडांमध्ये मिळतात.

हे वास ज्या तेलात असतात ते तेल असतं कुठे तर पानाच्या अगदी वरच्या कातडीवर, बारीक केसांसारख्या ग्रंथींमध्ये. तुळस, पुदिना, बेसिल, रोजमेरी सगळ्यांना त्या असतात, भिंग घेऊन पुदिन्याच्या पानाची मागची बाजू बघा, चमकणारे बारीक ठिपके दिसतील. झाड हे तेल आपल्या चटणीसाठी बनवत नाही, किडीने चावू नये, कडक उन्हाने भाजू नये म्हणून बनवतं. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. झाडाला काही त्रासच नसेल, पाणी भरपूर, खत भरपूर, सावली मस्त, तर ते पानं मोठी करत बसतं आणि तेल त्या मोठ्या पानात पसरून पातळ होतं.

नाशिककरांना हे खरं तर वेगळं सांगायची गरज नाही, द्राक्षवाल्यांना विचारा. खायची द्राक्षं, थॉमसन वगैरे, जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड, वाढीचं संप्रेरक) मारून आणि पाणी देऊन फुगवतात, मणी टपोरा, दिसायला एक नंबर, गोड, पण वासाच्या नावाने तसं बघायला गेलं तर फार काही नाही. आणि दिंडोरीकडची वाइनची द्राक्षं बघा, मणी बारीक, साल जाड, पाणी आणि उत्पादन दोन्ही हात राखून, कारण वासाचा बराचसा माल सालीत असतो आणि मणी जितका लहान तितकं सालीचं प्रमाण जास्त. घडाभोवतीची पानं काढतात ते पण ऊन-हवा लागावी म्हणून. साइझ का वास, दोन्ही पोटभर मिळत नाहीत, एक निवडायला लागतं. गच्चीवर पण तेच. ज्यांची बेसिलची पानं तळहाताएवढी होतात आणि फोटो टाकतात त्यांच्याकडचं पान चुरगळून बघा एकदा, पालक बरा.

तर पाणी. रोज ठरलेल्या वेळी तांब्या ओतायचा ही सवय आधी बंद करा. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी, नाहीतर राहू दे. रोजमेरी, थाइम, ओवा यांना तर माती वरून चांगली वाळेपर्यंत थांबलं तरी चालतं, तुळशीला थोडं आधी, पुदिना मात्र याला अपवाद, तो ओलाव्याचाच आहे, त्याला सुकवलात तर वास वाढायच्या आधी काड्या होतील. आणि हे ताण देणं म्हणजे एप्रिलमध्ये चाळीसच्या उन्हात कुंडी विसरून गावाला जाणं नव्हे, तसं केलं तर सगळीच झाडं जातात. नाशिकची काळी माती कुंडीत नुसती भरू नका, पाणी धरून बसते, वाळली की दगड होते. एक भाग माती, एक भाग जाड वाळू किंवा मुरूम, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, साध्या मातीच्या कुंडीत, खाली भोक मोकळं.

खताचं दुसरं. युरिया बिलकुल नाही. नायट्रोजन जास्त झाला की लुसलुशीत हिरवीगार वाढ होते आणि वास पळतो, वर मावा पण येतो. लावताना शेणखत घातलंय ना, मग दीड-दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत, बास. नर्सरीवाले "सर, हे लिक्विड घेऊन जा, आठ दिवसांत फरक बघा" म्हणतात, फरक दिसतो, नाकाला दिसत नाही.

ऊन सहा तास तरी थेट पाहिजे. खिडकीच्या काचेच्या आत ठेवलेल्या कुंडीला तेवढा वास येत नाही, कारण उन्हातले यूव्ही-बी (अतिनील) किरण काच अडवते आणि बेसिलवर झालेल्या प्रयोगांत यूव्ही-बी मिळाल्यावर तेल वाढलेलं दिसलंय. मे महिन्यात दुपारी हिरवी नेट टाका, बाकी वर्षभर उघडं. थंडीचं मात्र सांभाळा, निफाडला पारा पाचच्या खाली जातो तेव्हा शहरातही रात्री चांगलीच थंडी असते, बेसिल दहाच्या खाली काळं पडतं आणि तुळस पण मलूल होते, रात्री भिंतीलगत ठेवा. रोजमेरीचं उलट, तिला आपला हिवाळा मानवतो, ती मरते ती जुलै-ऑगस्टच्या पावसात मुळं कुजून, तिला तेवढे दिवस छपराखाली घ्या.

जातीला पर्याय नाही हे पण आधीच सांगतो. झाडाच्या रक्तातच जो वास नाही तो तुम्ही कितीही ताण देऊन येणार नाही. किराणा दुकानातला सब्जा पेरला तर उगवतो, बेसिलचाच प्रकार आहे तो, पण पिझ्झावाला वास नाही मिळणार, बडीशेपेकडे झुकलेला मिळेल. तो वाईट नाही, सरबतात मस्त लागतो. तुळशीत कृष्ण तुळस लवंगेच्या वासाची, तो युजेनॉलचा वास, कापूर तुळस वेगळी. लखनौच्या सिमॅप या सुगंधी वनस्पतींवर काम करणाऱ्या संस्थेने तर मुद्दाम तेलासाठी तुळशीच्या आणि पुदिन्याच्या जाती काढल्यात. तुम्हाला तो लिंबाचा वास हवा होता ना, गवती चहा लावा, त्याच्या तेलात बहुतेक सिट्रलच, म्हणजे लिंबाच्या वासाचंच दुसरं द्रव्य, असतं, आणि मरत नाही, आळशी माणसाचं झाड आहे.

तोडायची वेळ सकाळची, दव उडाल्यावर आणि ऊन चढायच्या आत. दुपारी तापलेल्या पानातून हलकी टर्पीन उडून गेलेली असतात. बेसिलला तुरे येऊ लागले की खुडा नाहीतर पान कडवट होतं. पुदिन्याचं तेल फुलं धरायच्या सुमारास सगळ्यात भरात असतं, तेव्हाच एकदा चांगली कापणी घ्या.

वाळवणं हा खरा कळीचा भाग आहे आणि इथेच लोक घाई करतात. वर्षभर झाड सांभाळायचं आणि मग दोन दिवस कडक उन्हात टाकून सगळं उडवून द्यायचं, काय अर्थ आहे. सावलीत, वारा खेळेल अशा खोलीत, जुड्या उलट्या टांगून किंवा सुती कापडावर पातळ पसरून, पस्तीस डिग्रीच्या आत. आपल्याकडे दिवाळीनंतरची हवा याला सोन्यासारखी, कोरडी आणि गार. पावसाळ्यात या फंदात पडू नका, बुरशी येते. लहान रेणूंची टर्पीन, लिमोनीन-पायनीन वगैरे, आधी उडतात आणि कॅरिओफायलीनसारखी जड मागे राहतात, म्हणून वाळलेल्या पानाचा वास ताज्यापेक्षा नेहमी गडद येतो, ते बिघडलं असं नाही. काडी कट्कन मोडली की काचेच्या बरणीत, घट्ट झाकण, अंधारात. चुरा करून ठेवू नका, अख्खी पानं ठेवा, वापरताना चुरा. बेसिल आणि पानओवा वाळवण्यात अर्थ नाही, ते ताजेच.

आणि चवीचं म्हणाल तर स्वयंपाकात तेच तत्त्व, गॅसवर खळाखळा उकळलं की वास घरभर जातो आणि कपात काही उरत नाही. गवती चहा गॅस बंद करून टाका, पाच मिनिटं झाकण. पुदिन्याची चटणी मिक्सरला गरम होऊ देऊ नका, गार पाणी घाला, नाहीतर सरळ खलबत्ता. पानओव्याची भजी मात्र तळूनही वास सोडत नाही, ते झाडच दांडगं. आणि गांजाच्याच झाडाची चव बघायची असेल तर कुमाऊंकडे भांगेच्या बिया भाजून चटणी करतात, बियांना, तेलाला आणि पिठाला एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिलीय, विकत मिळतात, पेरायच्या नाहीत. चव साधारण अक्रोड आणि तिळाच्या मधली, वासबीस काही नाही, अपेक्षा ठेवू नका.

झाडं घ्यायला गंगापूर रोडच्या नर्सऱ्यांत जाल तर पैसे द्यायच्या आधी एक पान चुरगळून वास घ्या, नर्सरीवाल्याने तोंड वाकडं केलं तरी. ज्याला दुकानातच वास येत नाही ते उचलू नका. आणि आणल्यावर कडुनिंबाचं तेल फवारायचा मोह आवरा, मावा आला तर नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, कारण ते तेल पानाला बसलं की पुढचे कित्येक दिवस चटणीला त्याचाच वास.