साडेसहा मणी

म्हार्दोळ (गोवा), जुलैमधला एक ओला रविवार

चि. बाय,

तुझे काचेचे सात मणी परवा पोस्टाने पोचले. आज सकाळी डबी उघडली तर साडेसहा! तो पारदर्शक निळा उभा चिरला होता. अर्धा कापसात पडलेला, उरलेल्या अर्ध्याचे बारीक तुकडे. पोस्टमनला बोल लावू नकोस. काल रात्री मी भिंग लावून बघितले तेव्हा सातही शाबूत होते. डबी कपाटात होती, तिला कोणी हात लावला नव्हता.

नोकरी सोडून मणीच करू का, असं विचारलंयस. त्याचं निम्मं उत्तर या निळ्यात आहे, म्हणून आधी त्याच्याबद्दल लिहिते.

ज्योतीवर काच वितळवून केलेला मणी तू वर्मिक्युलाईटच्या, म्हणजे त्या खनिज भुश्याच्या, डब्यात पुरतेस, असं म्हणालीस. सगळे तिथूनच सुरुवात करतात, मीही केली होती. पण त्या भुश्याने मणी फक्त सावकाश गार होतो. वरचं कवच आधी घट्ट होतं, आतली काच अजून गरम असते, ती नंतर आकसायला जाते आणि कवच तिला आकसू देत नाही. ही ओढाताण मण्यात कायमची अडकते. ती घालवायची तर मणी विजेच्या भट्टीतच निववायला हवा. आपल्या सोडा काचेला साधारण ५१० ते ५२० अंश सेल्सिअसवर तासभर ठेवायचं, मग हळूहळू ३७० च्या आसपास उतरवायचं आणि भट्टी बंद करून झाकण न उघडता झोपायला जायचं. सकाळपर्यंत झाकण न उघडणं हेच यातलं सगळ्यात अवघड काम.

हा ताण बघायची एक युक्ती सांगते. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघड. पोलराइज्ड गॉगल हातात धरून त्यातून पडद्याकडे बघ आणि गॉगल फिरवत जा, एका कोनात पडदा काळा होईल. (काही पडद्यांवर होत नाही, मग दुसऱ्या कोणाचा लॅपटॉप माग.) आता पडदा आणि गॉगल यांच्या मध्ये मणी धर. नीट निवलेला मणी काळोखात जवळपास बुडून जातो. ताणातला मणी मात्र आतून पांढरे पट्टे दाखवत उजळतो. तुझा निळा काल रात्री काजव्यासारखा चमकला, तेव्हाच मी मनाशी म्हटलं, याचं काही खरं नाही. पारदर्शक काचेलाच हे चालतं. तुझ्या पिवळ्या-लाल अपारदर्शक मण्यांबद्दल मी काही सांगू शकत नाही. तूही गिऱ्हाइकाला सांगू शकत नाहीस, आणि माझी काळजी तीच आहे.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बाई मणी उचलते, उजेडाकडे धरते, बोटांत फिरवते, नखाने भोक चाचपते, मग घासाघीस करते. ऑनलाइन घेणारी यातलं काहीच करत नाही. ती फोटो बघते आणि तुझ्यावर विसंबते. तिला जे तपासता येत नाही, ते तू तपासलंयस याचेच ती पैसे देते. रंग, फुलं, ठिपके ही नंतरची गोष्ट.

हे मी फार शहाणी म्हणून सांगत नाही. आठ वर्षांपूर्वी, अशाच जुलैत, पुण्याच्या एका दागिने करणाऱ्या बाईंची चाळीस मण्यांची ऑर्डर होती. रात्री भट्टी तापलेली असताना लाईट गेली, ती पहाटे आली. सकाळी मणी काढले तर एकेक असा देखणा की बघत राहावं. कुरिअरवाला अकराला येणार होता. मला कळत होतं की हे पुन्हा भट्टीत घालायला हवेत. एकदा निवायचा राहिलेला मणी तडकलेला नसेल, तर थंड भट्टीत ठेवून सावकाश तापवून परत निववता येतो. नुकसान होतं ते एका दिवसाचं. मी तो एक दिवस वाचवला. दीड महिन्याने त्यांचा फोटो आला. ऐन मंगळागौरीत कोणाच्या तरी गळ्यातल्या माळेचे तीन मणी चिरले होते. मी पैसे परत केले, चाळीसच्या चाळीस नवे करून पाठवले. त्यांनी नीट आभार मानले आणि परत कधी ऑर्डर दिली नाही.

तेव्हापासून माझ्याकडे एक वही आहे. प्रत्येक भट्टीला नंबर, तारीख, किती मणी, मधे लाईट गेली का. गेली असेल तर त्या ओळीला लाल रेघ आणि मणी पुन्हा भट्टीत. पाकिटातल्या कार्डावर भट्टीचा तो नंबर असतो. भट्टी घेताना एवढं विचारून घे, की लाईट परत आल्यावर तिचा तापमान सांभाळणारा कंट्रोलर होता तिथून पुढे जातो की पहिल्यापासून सुरू करतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात हा प्रश्न काचेच्या रंगीत कांड्यांपेक्षा महत्त्वाचा आहे, आणि घरचा साधा इन्व्हर्टर भट्टी ओढत नाही.

आता उरलेले सहा. आकार चांगला आहे, हात स्थिर आहे. हस्तिदंतीवर फिरोजी ठिपके दिलेस त्यात कडेला उमटलेली काळपट रेघ तुला डाग वाटली, असं चिठ्ठीत लिहिलंयस. तो डाग नव्हे. त्या दोन काचा एकमेकींना भेटल्या की अशीच रेघ देतात, आणि कित्येक जण ती मुद्दाम काढतात. पुसायला जाऊ नकोस. भोकं मात्र वाईट आहेत. दोन मण्यांच्या कडा इतक्या धारदार आहेत की महिन्याभरात दोरा कापतील. सळईवर काचेची पहिली वेटोळी पुरेशी रुंद घातली, की दोन्ही टोकं आत वळतात आणि खळगी पडते. अशी खळगी नसेल तो मणी विकायचा नाही. काच सळईला चिकटू नये म्हणून लावतो तो राखाडी लेपही भोकात राहिलाय. तो हिऱ्याच्या कानशीने काढ, पण पाण्याखाली. कोरडा घासलास तर ती धूळ तुझ्या छातीत जाईल.

छातीचा विषय निघालाच आहे तर सांगते. खिडकी उघडी आहे म्हणजे हवा खेळते, असं समजू नकोस. ज्योतीच्या वरून धूर बाहेर ओढणारा पंखा हवा. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडर असलेल्या खोलीला खालून झडप लागते. घरातला १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरणं नियमात बसत नाही. १९ किलोचा व्यावसायिक घे. आणि डिडिमियमचा चष्मा. तापलेल्या काचेतल्या सोडियमची ती भगभगीत पिवळी ज्योत त्यातून दिसत नाही, मग काच कुठे वितळतेय ते कळतं. साध्या गॉगलने ते होत नाही.

किंमत तू साठ रुपये ठेवलीस. का, तर दुकानात त्याहून स्वस्त मणी मिळतात. मिळणारच. बनारस आणि हाथरसजवळचं पुरदिलनगर इथे पिढ्यान् पिढ्या काचेचे मणी होतात आणि वजनावर विकले जातात. आणि एक गोष्ट तुला टोचेल: तिथले कितीतरी मणीही हातानेच, ज्योतीवरच होतात, तुझ्या-माझ्यापेक्षा सफाईने. म्हणून ‘हाताने केलेले’ एवढ्याच शब्दांवर भाव चढवता येणार नाही. तुझा मणी महाग असायचं कारण तुला सांगता आलं पाहिजे: निववलेला आहे, भोक इतक्या मिलिमीटरचं आहे, वजन इतकं आहे, चिरला तर बदलून मिळेल. माझा हिशेब असा: ज्योतीवर वीस मिनिटं, साफ करणं, फोटो आणि पाकीट मिळून तेवढीच आणखी, आणि दहातले दोन बाद होणारच. घड्याळ लावून एक आठवडा मोज, साठ रुपयांत तुला तासाला काय सुटतं ते बघ. मी सांगितलं तर रागावशील.

फोटो पडवीत काढ, आत्ताच्या दिवसांत. आभाळ भरलेलं असताना काचेवर उजेडाचा टिपका पडत नाही. मण्याशेजारी पट्टी ठेव, नाहीतर बारा मिलिमीटरचा मणी लोकांना बोराएवढा वाटतो आणि मग ‘लहान निघाला’ म्हणून परत येतो. रंगाचं मात्र माझ्याने अजून साधलेलं नाही. इथल्या बायकांना अबोलीचा रंग हवा असतो, गजऱ्यातला असतो तसा. पोवळ्याच्या रंगाच्या काचेत तो उतरतो, पण जरा जास्त तापवला की सरळ नारिंगी, आणि मोबाईलच्या पडद्यावर त्याहून भडक. मी आता वर्णनातच लिहिते, की ताज्या अबोलीपेक्षा एक छटा फिकी, दुसऱ्या दिवशीच्या गजऱ्यासारखी. मुंबईत स्थायिक झालेल्या गोवेकरणीला ते फोटोपेक्षा लवकर कळतं.

परदेशाची घाई नको. २०२५ च्या २९ ऑगस्टपासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची आयातकर-माफी काढली, आणि त्याच सुमाराला आपल्या टपाल खात्याने तिकडची पार्सलं घेणं काही आठवडे थांबवलं. माझी नऊ पाकिटं पत्ता लिहून तयार होती, ती गणेश चवथीत माटोळीखाली, गणपतीवर फळं-पानं टांगतो त्या चौकटीखाली, तशीच पडून राहिली. तेव्हा मला पुणे, कोल्हापूर, बेळगावच्या गिऱ्हाइकांनी तारलं. जीएसटीचे नियम वेबसाइटवरून विकताना आणि बाजारात बसून विकताना सारखे नसतात. फोंड्यात एखाद्या सीएसमोर अर्धा तास बस, मला विचारू नकोस.

तर नोकरी. आत्ता सोडू नकोस. पगारातून आधी भट्टी घे. ज्योतीचा दुसरा टॉर्च, लोगो, छापील डब्या सगळं नंतर. मग एक अख्खा पावसाळा, जूनपासून चवथीपर्यंत, नोकरी सांभाळून मणी विक. लाईट जाते, लेप वाळत नाही, पर्यटक नसतात, लग्नं नसतात. त्या पावसाळ्याची वही मला आणून दाखव. लाल रेघा किती आहेत आणि त्यातले किती मणी तू तरीही पाठवलेस, ते आपण दोघी बसून बघू. मग ठरव. आई काय म्हणेल याची चिंता करू नकोस, तिच्याशी मी बोलेन.

तुझे सहा मणी आज रात्री माझ्या भट्टीत ठेवतेय, भट्टी नंबर ४१२. बाहेर ढग गडगडतायत, बघू लाईट काय म्हणते ते. बुधवारी ये, घेऊन जा. निळ्याचे तुकडे फेकलेले नाहीत, एका पुडीत बांधून ठेवलेत; येताना त्या निळ्या कांडीचा उरलेला तुकडा घेऊन ये, म्हणजे तो मणी इथेच पुन्हा करून बघता येईल.

तुझी,
मावशी