मनोरुग्ण की मनोविकल? आणि ठरवतं कोण?

'डॉक्टरांनी आरोपीला मनोरुग्ण ठरवले, तरी न्यायालयाने शिक्षा सुनावली' अशी बातमी वाचून एकांनी विचारलंय की, यात विसंगती नाही का? आणि मनोरुग्णऐवजी मनोविकल लिहिलं तर चालेल का?

विसंगती नाही, पण शब्दांची अदलाबदलही चालणार नाही. मनोरुग्ण हा दवाखान्यातला शब्द, मनोविकल हा कोर्टातला. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये (जुन्या दंड संहितेचं ८४) मनोविकलतेचा बचाव आहे: कृत्य करताना, मन विकल असल्यामुळे, आपण काय करतोय किंवा ते चुकीचं वा बेकायदा आहे हे कळण्याची कुवतच नसेल, तर तो गुन्हा होत नाही. सगळी मेख 'कृत्य करताना' यात आहे. स्किझोफ्रेनियाची जाडजूड फाइल असली, तरी वार करून कोयता विहिरीत टाकणाऱ्याला केल्या कामाची जाण होती, असं न्यायाधीश म्हणू शकतात. उलट बाजूनेही तेच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ३ सांगतं की, आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कोणाला मनोविकल मानायचं नाही. तसं सक्षम न्यायालयाने जाहीर करावं लागतं.

म्हणून माझा खरा आक्षेप 'ठरवले' या क्रियापदाला आहे. मनोविकारतज्ज्ञ तपासतात, निदान करतात, अभिप्राय देतात आणि उलटतपासणीला उभे राहतात. आरोपी वेड पांघरून पेडगावला निघालाय का, हेही त्यांना पाहावं लागतं, पण तोही अभिप्रायच. ठरवणं न्यायालयाचं काम.

नुकसानभरपाईच्या दाव्यांत हा घोळ जास्त होतो. अपघातात मेंदूला मार लागला, स्वभाव पालटला, कामात लक्ष लागेना. डॉक्टरांनी दाखल्यावर ४० टक्के अपंगत्व लिहिलं की घरचे म्हणतात, 'डॉक्टरांनी ४० टक्के नुकसान ठरवलं.' तसं नसतं. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, कायमचं अपंगत्व किती ते डॉक्टरांनी सांगावं, कमाईची क्षमता किती बुडाली ते न्यायाधिकरणाने ठरवावं. हिशेबनीसाच्या बाबतीत तेच ४० टक्के १०० सुद्धा होऊ शकतात.

मृत्युपत्रातल्या 'पूर्ण शुद्धीत'चंही असंच. एरवी मनोरुग्ण असलेला माणूसही मन ठिकाणावर असताना मृत्युपत्र करू शकतो. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात तशी सोय आहे.

तर बातमी अशी लिहावी: 'आरोपीला मानसिक आजार असल्याचा डॉक्टरांचा अभिप्राय, मनोविकलतेचा बचाव न्यायालयाने फेटाळला.' मथळा लांबतो, हे खरं. पण जागा नाही म्हणून 'माथेफिरू' लिहू नये. तो शब्द ना डॉक्टरांचा, ना कायद्याचा, फक्त वर्तमानपत्रांचा.